आजोबांचं कॉलेज धारवाडचं आणि डिग्री मुंबईची, हे कसं काय? (मुंबई विद्यापीठ : फोर्ट, कलिना वगैरे)

माळ्यावरचा_खोका
मंडळी नमस्कार. गेल्या महिन्यात बेळगावच्या घराचा माळा आवरत होतो, घर विकायचं चाललंय म्हणून, तर जुन्या हिशेबाच्या वह्यांखाली एक पत्र्याची नळी मिळाली, आणि आत गुंडाळून ठेवलेलं आमच्या आजोबांचं बी.ए.चं सर्टिफिकेट. १९३८ सालचं. कागद पिवळा पडलाय पण अक्षर न् अक्षर वाचता येतंय. आता गंमत अशी की आजोबा शिकले धारवाडला, कर्नाटक कॉलेजात, हे घरात सगळ्यांना पाठ आहे कारण तिथल्या खानावळीच्या गोष्टी सांगून सांगून त्यांनी आम्हाला पिडलं होतं. पण सर्टिफिकेटवर मोठ्या अक्षरात युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे! आजोबा शिकायला म्हणून मुंबईला एक दिवससुद्धा राहिलेले नाहीत. मग ही डिग्री मुंबईची कशी?

दुसरा प्रश्न माझ्याबद्दलच. मीही मुंबई विद्यापीठाचाच, पार्ल्याच्या कॉलेजातून बी.कॉम. तीन वर्षांत विद्यापीठात किती वेळा गेलो? शून्य. नंतर ट्रान्सक्रिप्टसाठी एकदा कलिनाला गेलो तेवढंच. राजाबाई टॉवर अजून बसच्या खिडकीतूनच पाहिलाय. कुणी विचारलं कुठे शिकलास तर मी कॉलेजचं नाव सांगतो, विद्यापीठाचं नाव तोंडात येतच नाही. पुण्यातले मित्र कसे "विद्यापीठात होतो" म्हणतात तसं आपल्याकडे कुणी म्हणताना ऐकलंय का? तर मुंबई विद्यापीठ म्हणजे नक्की काय, टॉवरवालं की कलिनावालं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुनी_जोगेश्वरी
छान धागा. ३० वर्षं कॉलेजात शिकवलंय त्यामुळे थोडं लांबण लावते, सांभाळून घ्या.

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे हो. हे विद्यापीठ जन्माला आलं तेच मुळी शिकवण्यासाठी नाही, परीक्षा घेण्यासाठी. १८५४ चा वुडचा खलिता शाळेत पाठ केला असेल, त्यातून १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली. आपलं १८ जुलै १८५७. साल बघा! उत्तरेत बंड पेटलंय, दिल्ली इंग्रजांच्या हातात नाहीये, आणि इकडे हे विद्यापीठाचा कायदा पास करतायत. नमुना होता लंडन विद्यापीठाचा, म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त अभ्यासक्रम ठरवायचा, पेपर काढायचा, तपासायचा आणि डिग्री द्यायची. सुरुवातीला हाताशी कॉलेजं तरी किती, एल्फिन्स्टन, पुण्याचं पूना कॉलेज (तेच पुढे डेक्कन झालं) आणि ग्रँट मेडिकल. स्वतःची इमारतसुद्धा नाही, कारभार टाऊन हॉलमधून, म्हणजे आपली एशियाटिकची पायऱ्यांवाली इमारत.

१८५९ ला पहिली मॅट्रिक झाली. १३२ मुलं बसली आणि २२ पास. आत्ताच्या ९८ टक्केवाल्या आईबापांना वाचून दाखवा. त्यातलेच चार जण १८६२ मध्ये पहिले बी.ए. झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. अख्ख्या विद्यापीठाचे पदवीधर चार, त्यातले दोघे रानडे आणि भांडारकर. एवढा निकाल पुन्हा कुठल्या विद्यापीठाला जमायचा नाही.

आता तुमचे आजोबा. मुंबई इलाखा म्हणजे सिंधपासून धारवाड-कारवारपर्यंत. या सगळ्या पट्ट्यात जे कॉलेज निघेल ते मुंबईला जोडलेलं. धारवाडचं कर्नाटक कॉलेज १९१७ चं, आणि धारवाडला स्वतःचं विद्यापीठ झालं १९४९ मध्ये. त्यामुळे १९३८ ला धारवाडात बी.ए. होणारा प्रत्येक जण मुंबईचाच पदवीधर. टिळकांचंही तेच, पुण्यात डेक्कनला शिकले, १८७७ ला बी.ए. झाले ते मुंबई विद्यापीठाचे. गांधीजींची १८८७ ची मॅट्रिक पण याच विद्यापीठाची, परीक्षा मात्र अहमदाबादला दिली, का तर ते सेंटर राजकोटहून जवळ आणि स्वस्त पडायचं. आत्मचरित्रात लिहिलंय त्यांनी स्वतः.

काळबादेवी_कट्टा
म्हणजे युनिव्हर्सिटी कसली, बोर्डच होतं म्हणा की :)

जुनी_जोगेश्वरी
@काळबादेवी_कट्टा, हो, पहिली जवळजवळ ५० वर्षं तरी बोर्डच. १९०४ ला कर्झनच्या वेळी कायदा आला तेव्हा विद्यापीठांना स्वतः शिकवायची मुभा मिळाली, आणि मुंबईत खरी डिपार्टमेंटं सुरू व्हायला त्यानंतरही १०-१५ वर्षं गेली. म्हणून तर आपल्याकडे निष्ठा कॉलेजाशी. रुपारेलवाला रुपारेलचा, झेवियर्सवाला झेवियर्सचा. विद्यापीठ म्हणजे हॉल तिकिटावरचा शिक्का.

पण बोर्ड म्हणून हिणवू नका. त्या शिक्क्याची किंमत काय होती ते बघा. बाबासाहेबांनी १९०७ ला मॅट्रिक आणि १९१२ ला एल्फिन्स्टनमधून बी.ए. केलं ते याच विद्यापीठाचं. कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून पास झाल्या त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर, १८८० च्या दशकात! वर्गात कोण कुणाशेजारी बसणार यावरून तेव्हा काय काय चालायचं ते सगळ्यांना माहिती आहे, पण पेपर तपासणाऱ्यापुढे नुसता नंबर येतो.

उल्हास_कॅम्प_४
जुनी_जोगेश्वरी ताई, तुम्ही सिंध म्हणालात म्हणून लिहितो. आम्ही उल्हासनगरला ३५ वर्षं राहिलो, शेजारी सिंधी कुटुंब. त्यांच्या घरात दर्शनी भिंतीवर वडिलांची डिग्री लावलेली होती, कॉलेज कराचीचं डी. जे. सिंध, विद्यापीठ मुंबई. मी लहान असताना वाटायचं ते फेकतायत. नंतर कळलं की कराचीचं ते कॉलेज १८८७ चं, आणि १९३६ ला सिंध वेगळा प्रांत झाला तरी कॉलेजं मुंबईलाच जोडलेली राहिली, ती थेट १९४७ ला सिंध विद्यापीठ निघेपर्यंत. कराचीचं एनईडी इंजिनियरिंग कॉलेज पण मुंबईचंच. म्हणजे फाळणीत जे लोक तिकडून कल्याणच्या छावणीत आले त्यांच्यातले शिकलेले जे होते ते आधीपासून मुंबईचेच पदवीधर होते, गाव बघितलं नव्हतं एवढंच. त्या काका म्हणायचे, घर गेलं, दुकान गेलं, हा कागद इथे तरी चालतो.

माळ्यावरचा_खोका
बाप रे. हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे आमचे आजोबा धारवाडात आणि तुमच्या शेजाऱ्यांचे वडील कराचीत, दोघांना बहुतेक एकच प्रश्नपत्रिका.

दगडफूल
मी आर्किटेक्ट आहे, फोर्टवर लिहायचा मोह आवरत नाही. टॉवरवालं की कलिनावालं असं विचारलंत ना, मग टॉवरची गोष्ट तरी नीट ऐका.

१८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली. त्या मोकळ्या झालेल्या पट्ट्यात ओळीने सरकारी इमारती उठल्या, सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट, आणि सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. का? कारण समोर समुद्र होता! आज टॉवरसमोर ओव्हल मैदान, त्यापलीकडे आर्ट डेकोच्या इमारती आणि मग मरीन ड्राइव्ह, हे सगळं बॅकबेची भर घातल्यावर आलेलं. तेव्हा ओव्हलच्या पुढे थोडं गेलं की पाणी. म्हणजे बोटीतून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसणार तो विद्यापीठाचा टॉवर. मिरवायलाच बांधलं होतं ते.

डिझाइन सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं, लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनचं हॉटेल ज्याने केलं तोच. आणि हा माणूस मुंबईला कधी आलाच नाही, ड्रॉइंग लंडनहून पाठवायचा! इथल्या लोकांनी कुर्ल्याच्या दगडात आणि पोरबंदरच्या दगडात ते उतरवलं. कॉन्व्होकेशन हॉल १८७४ ला पूर्ण झाला, त्याच्या गोल खिडकीत रंगीत काचेच्या बारा राशी आहेत, दुपारनंतर आत उभं राहिलं की जमिनीवर मेष-वृषभ पसरलेले दिसतात. (आमच्या एका सरांनी वर्गातल्या सगळ्यांना आपापल्या राशीवर उभं केलं होतं, मी कन्येवर.) टॉवर आणि लायब्ररीचं काम १८६९ ला सुरू झालं आणि १८७८ ला संपलं. उंची २८० फूट. नमुना लंडनच्या घड्याळाचा पण अंगावर बघाल तर पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या लोकांचे २४ पुतळे, पागोटी, पगड्या, वेश सगळं बारकाईने. खालून बग्गी जाईल एवढी कमान. लायब्ररीच्या कोपऱ्यांना उघडे गोल जिने, माझ्या मते सगळ्या इमारतीत तेच सगळ्यात देखणे, टॉवरपेक्षाही, पण तिकडे कोण बघतं. पूर्वी घंटा १६ वेगवेगळ्या चाली वाजवायच्या, दिवसातून चार वेळा चाल बदलायची, त्यात इंग्रजांच्या राजाराणीचं स्तवन पण. आता दर पाव तासाला एकच चाल.

रोखठोक_राव
झालं इंग्रजांचं कौतुक सुरू. त्यांनी बांधलं, त्यांनी शिकवलं, आपण नुसते कारकून. कारकून तयार करायचा कारखाना होता तो, शाळेत शिकवलंय आम्हाला.

दगडफूल
@रोखठोक_राव, इंग्रजांनी बांधलं खरं पण पैसे कुणाचे ते विचारा. हॉलसाठी एक लाख दिले कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी, म्हणून हॉलला त्यांचं नाव आणि बाहेर बागेत त्यांचा पुतळा. लायब्ररीसाठी दोन लाख आणि टॉवरसाठी आणखी दोन लाख दिले प्रेमचंद रायचंद यांनी, १८६४ साली. अमेरिकेत यादवी युद्ध चालू, तिकडची रुई बंद, लँकेशायरच्या गिरण्यांना आपली रुई पाहिजे, मुंबईत पैशाचा पाऊस. प्रेमचंद त्या पावसातले राजे. पुढच्याच वर्षी १८६५ ला युद्ध संपलं आणि बाजार असा कोसळला की बँका बुडाल्या, प्रेमचंद स्वतः धुपले. पण विद्यापीठाचे पैसे आधीच दिलेले होते. थोडक्यात सांगायचं तर मुंबईतल्या पहिल्या शेअर बुडबुड्यातून जे टिकाऊ निघालं त्यातलं एक म्हणजे हा टॉवर.

नाव दिलं आईचं, राजाबाई. सांगतात ती गोष्ट अशी की आई जैन, दिवेलागणीच्या आत जेवायचं, आणि दृष्टी गेलेली, तर कुणाला न विचारता वेळ कळावी म्हणून घंटा. खरं-खोटं सोडा, २८० फुटी टॉवरला सासू-सुना-राण्या सोडून एका गुजराती बाईचं नाव मिळालं, ते पण व्हिक्टोरियाच्या राज्यात, हे मला जाम आवडतं.

रोखठोक_राव
बरं बरं. प्रेमचंदना नमस्कार. कारखान्याचं मात्र मागे घेत नाही.

जुनी_जोगेश्वरी
राव, तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. मराठीचं बघा. सुरुवातीला देशी भाषा घेता यायच्या, पण काही वर्षांतच वरच्या परीक्षांतून त्या काढून टाकल्या, कारण काय तर उच्च शिक्षणाच्या लायकीचं वाङ्मय नाही म्हणे. आणि परत आणायला भांडले कोण, तर त्याच कारखान्यातून निघालेले पहिले पदवीधर रानडे. वर्षानुवर्षं सिनेटमध्ये ठराव, विरोध, पुन्हा ठराव. विरोधात आपलेच विद्वानही होते. मराठी घेऊन एम.ए. करता येतं ही आज साधी गोष्ट वाटते, माझ्यासारख्या शेकडो जणींची पोटं त्यावर भरली.

आणि पहिले भारतीय कुलगुरू पण याच पठडीतले, काशीनाथ त्र्यंबक तेलंग, १८९२ मध्ये. दुसऱ्याच वर्षी गेले बिचारे, वय जेमतेम त्रेचाळीस.

तीनशेतेरा_मर्यादित
सगळे फोर्टवरच अडकलेत, आता माझं ऐका. मी अस्सल कलिनाकर. एम.ए. केलं, मग पीएचडी, एकूण नऊ वर्षं ३१३ नंबरच्या बशीत गेली (कुर्ला ते सांताक्रूझ, सकाळी लोंबकळत), त्यामुळे "विद्यापीठात गेलोच नाही" वगैरे ऐकलं की डोकं फिरतं. तुम्ही नाही गेलात, आम्ही गेलो!

कलिना म्हणजे विद्यानगरी. दोनशे एकरांहून मोठी जागा, मुंबईत! एका बाजूला वाकोला, दुसरीकडे बीकेसीच्या काचेच्या इमारती, डोक्यावर विमानं. सरांचं वाक्य अर्ध्यावर आलं की विमान यायचं, सर थांबायचे, विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे. नवीन मुलांना हसू यायचं, दोन महिन्यांनी तेही तसंच थांबायला शिकायचे. फोर्टमध्ये जागा उरलीच नाही तेव्हा ७० च्या दशकात एकेक डिपार्टमेंट इकडे यायला लागलं. दिसायला म्हणाल तर काही नाही, सरकारी सिमेंट, रानडे भवन, टिळक भवन, आंबेडकर भवन, सगळी सारखीच, पहिल्या वर्षी आम्ही हमखास चुकीच्या भवनात जाऊन बसायचो. गिल्बर्ट स्कॉट वगैरे कोणी नाही. पण झाडं आहेत, पावसाळ्यात अख्खं रान होतं, आणि जवाहरलाल नेहरू लायब्ररी आहे. त्या लायब्ररीत दुपारी पंख्याखाली बसून जे वाचलं त्यावर अजून जगतोय.

खरं विद्यापीठ कुठलं म्हणाल तर हे. जिथे एम.ए., एम.एस्सी., संशोधन, भांडणं, सेमिनार आणि कँटीनचा चहा असतो ते. २००७ ला अणुऊर्जा खात्याबरोबर मूलभूत विज्ञानाचं सेंटर निघालं ते पण इथेच, बारावीनंतर पाच वर्षं मुलं नुसतं विज्ञान शिकतात. आणि घरी बसून शिकणाऱ्यांचं दूरशिक्षण, म्हणजे पूर्वीचं आयडॉल, १९७१ पासूनचं, त्याची इमारत पण कलिनात. नोकरी करून बी.ए. झालेले किती कंडक्टर, नर्स, पोलीस तिथे पुस्तकं न्यायला यायचे. फोर्टच्या रंगीत काचा बघायला टुरिस्ट येतात, इथे माणसं शिकायला येतात.

तिसरी_घंटा
+१ कलिनाला. नाट्यशास्त्राचा विभाग विसरलात काय? अॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, वामन केंद्रे सरांनी उभी केली. आणि लोककला अकादमी, शाहीर अमर शेखांच्या नावाचं अध्यासन. विद्यापीठात ढोलकी शिकवतात, पोवाडा शिकवतात, असं आमच्या गावी सांगितलं तर मामा म्हणाले मग आमच्या तात्याला का नाही बोलवत प्रोफेसर म्हणून. त्यांना चेष्टा वाटली, मला नाही.

खारा_वारा
कलिनावाल्यांनी ७० च्या आधी काहीच नव्हतं असा समज करून देऊ नये. संशोधन फोर्टमध्येच सुरू झालं.

१९१९ मध्ये विद्यापीठाने समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राचं स्वतःचं खातं काढलं. समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक पॅट्रिक गेडिस, स्कॉटलंडचा, मूळचा जीवशास्त्राचा, शहरं कशी वाढतात त्यावर वेडा झालेला माणूस. त्याच्यानंतर १९२४ ला खुर्चीवर बसले आमच्या मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. संस्कृतचे पंडित, विद्यापीठानेच स्कॉलरशिप देऊन इंग्लंडला पाठवलेले, केंब्रिजहून डॉक्टरेट. १९५९ पर्यंत ३५ वर्षं एका खुर्चीत. आणि त्यांच्या हाताखालून कोण गेलं बघा : इरावती कर्वे (१९२८ ला एम.ए.), एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई. भारतातल्या समाजशास्त्राची वंशावळ काढायला बसलात तर निम्म्या फांद्या त्या फोर्टच्या खोलीत जाऊन मिळतात. गंमत म्हणजे विचार एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत, घुर्ये एकीकडे, मार्क्सवादी देसाई भलतीकडे, पण देसाईंची पीएचडी घुर्येंकडेच.

तेव्हा विद्यापीठ बोर्ड होतं हे पूर्वार्धापुरतं कबूल. १९१९ नंतर नाही.

अडाणी_अभियंता
आणि माटुंगा?? यूडीसीटी कोणीच काढलं नाही अजून! तिसरा कॅम्पस म्हणजे आमचा. गिरण्यांना रंगकाम-ब्लीचिंग समजणारी माणसं हवी होती म्हणून १९३३ ला विद्यापीठाने केमिकल टेक्नॉलॉजीचं खातं काढलं, आणि १९४३ पासून माटुंग्याला. डिपार्टमेंट म्हणजे विद्यापीठाचं एक खातं, पण देशाची केमिकल इंडस्ट्री तिथून निघाली असं म्हटलं तरी चालेल. माशेलकर सर तिथलेच, बी.केम. पण आणि पीएचडी पण. एम. एम. शर्मा सर सत्ताविसाव्या वर्षी प्रोफेसर झाले, पुढे रॉयल सोसायटीचे फेलो. मुकेश अंबानी पण तिथलेच, तेवढं सगळ्यांना माहिती असतं, बाकीचं नसतं.

पण २००८ ला आम्ही वेगळे झालो. आयसीटी, अभिमत विद्यापीठ. माझ्या डिग्रीवर मुंबई विद्यापीठ आहे, धाकट्या भावाच्या डिग्रीवर आयसीटी. इमारत तीच, लॅब तीच, अॅसिडने जळलेलं टेबल पण तेच. तुमच्या आजोबांसारखंच झालं माझं, ७० वर्षांनी.

उल्हास_कॅम्प_४
हे भारी आहे. म्हणजे हे विद्यापीठ वाढतं कमी आणि वाटलं जातं जास्त. सिंध गेला, धारवाड गेलं, पुणे गेलं, गुजरात गेला, आता माटुंगा पण.

ताळगावचो_पाव
गोव्याक विसरलात. १९६१ च्या डिसेंबरात आम्ही मुक्त झालो आणि १९६२ ला मडगावचं चौगुले आणि पणजीचं धेंपे कॉलेज निघालं. पोर्तुगीजांच्या ४५० वर्षांत मेडिकल सोडलं तर इथे पदवीचं कॉलेज नव्हतं म्हणजे समजा. विद्यापीठ कुठलं जोडायचं, तर मुंबई. माझे बाबा धेंपेचे, डिग्री बॉम्बे. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबई विद्यापीठाने पणजीत केंद्र काढलं आणि त्याच केंद्राचं १९८५ ला गोवा विद्यापीठ झालं, ताळगावच्या पठारावर, खाली झुआरी दिसते, इमारती सतीश गुजराल यांच्या.

बाबांचं म्हणणं वेगळं होतं थोडं. ते म्हणायचे आमच्या वडिलांना लिसेव (पोर्तुगीज हायस्कूल) शिकून पुढे लिस्बनला जायला लागायचं, आम्हाला परीक्षेचा पेपर मुंबईहून घरी यायचा. तुमच्या मुंबईतल्या पोरांना बोर्ड वाटत असेल, आम्हाला ती जगाची खिडकी होती. असो, बाबांच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही, पण मांडलं.

भाट्ये_बीच
खिडकी म्हणालात म्हणून. आम्ही रत्नागिरीचे अजून त्याच खिडकीत उभे. आजच्या घडीला मुंबई विद्यापीठाकडे सात जिल्हे, मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. डहाणूपासून बांद्यापर्यंत नकाशावर बोट फिरवून बघा, बोट दुखेल. उपपरिसर आहेत, ठाण्याला बाळकुमला आहे, कल्याणला आहे, रत्नागिरीला आमच्याकडे आहे, सावंतवाडीला आहे. तरी "कलिनाला जाऊन ये" म्हटलं की दोडामार्गच्या पोराची रात्रीची गाडी, सकाळी दादर, दिवसभर काम, रात्री परत. म्हणून कोकण विद्यापीठ वेगळं करा ही मागणी अधूनमधून उठते.

मला विचाराल तर मी काठावर. माझ्या मुलीला सर्टिफिकेटवर मुंबई हवंय, बंगलोरच्या इंटरव्ह्यूत रत्नागिरी म्हटलं की समोरचा नकाशा शोधतो म्हणे. आणि माझा भाऊ म्हणतो की स्वतःचं होईपर्यंत आपल्या बोटी, मासे, आंबा यावर कोण संशोधन करणार. दोघांचंही खरं वाटतं, जेवताना रोज हाच वाद.

तीनशेतेरा_मर्यादित
@भाट्ये_बीच, वाद योग्य आहे. पण एक सांगा, मुलगी म्हणते तेच सगळे म्हणत असतील तर "मुंबई विद्यापीठाशी कुणाची निष्ठा नाही" या धाग्याच्या मूळ मुद्द्याचं काय?

भाट्ये_बीच
निष्ठा नाय ओ, भाव. ब्रँड.

काळबादेवी_कट्टा
अवांतर : आता मेट्रो ३ झाली. हुतात्मा चौकात बसा, सांताक्रूझला उतरा, फोर्ट ते कलिना जमिनीखालून. वाटेतल्या एका स्टेशनचं नाव आधी विद्यानगरी ठरलं होतं, सुरू व्हायच्या आधी बदलून वांद्रे कॉलनी केलं. एवढं एकच स्टेशन मिळालं होतं विद्यापीठाला, ते पण गेलं. उल्हास_कॅम्प म्हणतात तसं, अजून एक वाटणी :)

दगडफूल
२०१८ ला फोर्टचा सगळा पट्टा, व्हिक्टोरियन गॉथिक आणि समोरचं आर्ट डेको मिळून, युनेस्कोच्या यादीत गेला, ते कुणीतरी लिहायला हवं होतं. टॉवरची डागडुजी त्याआधीच २०१५ ला झाली होती. आता घड्याळ पण बघण्यासारखं आहे. ओव्हलच्या मधल्या पायवाटेवर उभे राहा, संध्याकाळी पाच-साडेपाचला, ऊन थेट दगडावर येतं. सर्वात चांगला फोटो तिथूनच.

माळ्यावरचा_खोका
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. धाग्याची प्रिंट काढून बाबांना दिली, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि मग आत्याला बेळगावला फोन लावला. आत्याच्या म्हणण्यानुसार आजोबा पदवीदानाला गेलेच नव्हते. धारवाडहून मीटरगेजने पुणे, तिथे गाडी बदलून मुंबई, भाडं, राहणं आणि वर तो काळा गाऊन, एवढा खर्च कोण करणार, म्हणून सर्टिफिकेट मागाहून आलं आणि तेव्हापासून ते नळीतच. राजाबाई टॉवर त्यांनी पाहिला का यावर आत्या आणि बाबा यांच्यात फोनवर पंधरा मिनिटं वाद झाला, निकाल लागला नाही.

शनिवारी बाबांना घेऊन ओव्हलवर जातोय, दगडफूल म्हणतात त्या वेळेला. @तीनशेतेरा, रविवारी कलिना, ३१३ ने, कबूल.

एकच शेवटचं विचारतो, सर्टिफिकेट असं नळीत ठेवणं बरं नाही ना, लॅमिनेट करून घेऊ का?

जुनी_जोगेश्वरी
नको! अजिबात नको! ऐंशी वर्षांच्या वरचा कागद, गरम प्लास्टिकमध्ये कायमचा अडकेल, परत सोडवता यायचा नाही. सपाट ठेवा, आम्लरहित कागदात, उन्हापासून लांब. फ्रेम करायची तर झेरॉक्सची करा आणि मूळ कपाटात.

दगडफूल
+१. लॅमिनेशन म्हणजे पाप.

माळ्यावरचा_खोका
अरेरे. बाबा आत्ताच कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलेत. फोन घरीच विसरलेत. पळतो.